‘यात पुन्हा अभ्यास आहे का?’ असे विचारणाऱ्या मुलाशी कसे खेळावे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही आणि तुमचे यजमान दोघेही नोकरी करता, वाकडला राहता, मुलगा सात वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे, मुलगी चार वर्षांची आहे आणि सासूबाई तुमच्यासोबत असतात. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही अक्षरांचे तक्ते, गणिताचे खेळ आणि दर महिन्याला घरपोच येणारा एक ‘ॲक्टिव्हिटी बॉक्स’ असे बरेच काही आणले, रोज संध्याकाळी पाऊण तास त्यासाठी राखून ठेवला, आणि तरीही ‘चल, आपण खेळूया’ म्हटले की मुलगा ‘यात पुन्हा अभ्यास आहे का?’ असे विचारून गॅलरीत निघून जातो. मुलांना हसतखेळत शिकता यावे म्हणून नेमके कोणते उपक्रम घ्यावेत, असा तुमचा प्रश्न आहे.

तुमच्याकडे उपक्रम कमी आहेत असे मला वाटत नाही. उलट जरा जास्तच झाले आहेत. खरी अडचण अशी दिसते की, प्रत्येक खेळाच्या पोटात एक धडा लपवलेला असतो हे मुलाच्या लक्षात आले आहे. औषधाची गोळी गुळात घालून दिली की मूल पहिल्या वेळी ती खाते, दुसऱ्या वेळी गूळ हुंगून पाहते आणि तिसऱ्या वेळी गुळालाच नाही म्हणते. तुमचा मुलगा या तिसऱ्या पायरीवर आहे. त्यामुळे आणखी एक खेळ सुचवण्याआधी, खेळातून मूल शिकते म्हणजे काय होते, याविषयी मला थोडे लिहावे लागेल.

त्याआधी मर्यादा सांगते. मी पुण्यात बालवाडी आणि प्राथमिक वर्गांना २६ वर्षे शिकवले आणि आता पालकांच्या लहान गटांबरोबर काम करते, पण तुमच्या मुलांना मी पाहिलेले नाही. एखादे मूल दहा मिनिटांत कंटाळते, एखादे दोन तास एकाच गोष्टीत रमते. एकाला गर्दीतले खेळ आवडतात, दुसऱ्याला कोपरा. घरातील माणसे किती, त्यांच्याकडे वेळ किती, खाली खेळायला जागा आहे की नुसते पार्किंग, यांवरही बरेच अवलंबून असते. तेव्हा पुढे लिहिलेल्यापैकी तुमच्या घराला जे मानवेल तेवढेच घ्यावे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही अगदी तुमच्यासारखीच चूक केली होती. पहिलीच्या मुलांना जोडाक्षरे येत नव्हती, म्हणून मी शाळेच्या अंगणात खडूने ठिकरीचा पट आखला आणि प्रत्येक घरात एक जोडाक्षर लिहिले. ज्या घरात ठिकरी पडेल ते अक्षर मोठ्याने वाचायचे आणि मग लंगडी घालत पुढे जायचे, असा नियम केला. पहिल्या दिवशी मुले उत्साहाने खेळली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाहते तर माझा पट ओस पडला होता आणि मुलांनी दहा पावलांवर विटकरीच्या तुकड्याने स्वतःचा वेडावाकडा पट आखून तिथे खेळ मांडला होता. मी थोडी दुखावले, पण सुट्टी संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. ठिकरी रेषेवर पडली तर बाद की नाही, यावर वाद चालला होता. एका मुलीने ‘कालच्याला चालले, मग आज का नाही?’ असा बिनतोड मुद्दा काढला. सर्वांत लहान मुलाला दोन पाय टेकण्याची सवलत एकमताने दिली गेली. कोणाचे कितवे घर चालू आहे हे पाचही जणांना तोंडपाठ होते. नियम करणे, तो सगळ्यांना सारखा लावणे, आपला डाव येईपर्यंत थांबणे, तोल सावरणे आणि इतक्या गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवणे, हे सगळे त्या वेड्यावाकड्या पटावर चालले होते, आणि माझ्या नीटनेटक्या पटावर त्यांना अक्षर वाचण्यापलीकडे काही काम नव्हते.

तेव्हापासून कोणताही खेळ घेताना मी एवढेच पाहते की हा खेळ कोणाचा आहे. नियम बदलण्याची, मध्येच सोडून देण्याची आणि चुकण्याची मुभा मुलाला असेल, तर तो त्याचा खेळ. उत्तर आधीच मोठ्यांच्या खिशात असेल आणि मुलाने ते फक्त शोधून द्यायचे असेल, तर तो रंगीत कागदात गुंडाळलेला अभ्यास होय. अभ्यास वाईट असतो असे मी म्हणत नाही. दुसरीतल्या मुलाने रोज वीस मिनिटे वाचन-लेखन करावे, आणि त्याला सरळ अभ्यासच म्हणावे. खेळाच्या नावाखाली तो केला की अभ्यासही नीट होत नाही आणि खेळही नासतो.

बक्षिसांचेही तसेच आहे. तुम्ही लिहिले आहे की प्रत्येक उपक्रमाला एक चांदणी आणि दहा चांदण्यांना आइस्क्रीम अशी योजना सुरू केली आणि दोन आठवड्यांनी ती बंद पडली. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. ज्या बालवाडीतील मुलांना चित्र काढायला मुळातच आवडत होते, त्यांच्यापैकी काहींना ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले गेले. पुढे मोकळ्या वेळेत त्या मुलांनी चित्रांवर इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवला. ज्यांना काहीही न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळाले होते, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. सौदा ठरला की आवडीची गोष्टही काम होऊन बसते. चांदण्यांचा तक्ता काढून टाका, आणि ‘आता तो लागणार नाही’ एवढेच सांगा.

आता प्रत्यक्ष काय करता येईल, याकडे येते. तुमच्या मुलाला गणिताचा कंटाळा आहे असे तुम्ही म्हणता, म्हणून आधी आकड्यांविषयी. पत्त्यांचा एक कॅट हे माझ्या मते घरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे साधन आहे, आणि पत्ते म्हणजे जुगार असे मानणाऱ्या आजी-आजोबांशी मी याबाबत अनेकदा प्रेमाने वाद घातला आहे. बदाम सात घ्या. सत्तीच्या एका बाजूला छक्की, पंजी असे उतरत एक्क्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठी, नव्वी असे चढत राजापर्यंत जायचे असल्याने आकड्यांचा क्रम दोन्ही दिशांनी डोळ्यांपुढे मांडला जातो. शिवाय, हातात पान असूनही ते अडवून धरायचे की टाकायचे हा निर्णय प्रत्येक डावात घ्यावा लागतो, आणि मोह आवरण्याचे इतके चांगले शिक्षण मला दुसऱ्या कोणत्याही साधनात दिसलेले नाही. वर्षभराने पाच-तीन-दोन शिकवा. तुम्ही, त्याचे बाबा आणि तो असे तिघे त्याला पुरेसे आहेत. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ पाने आणि दोन सत्त्या अशी ३० पाने तिघांत वाटली की प्रत्येकाला दहा येतात, आणि कोणाला किती हात करायचे होते, किती झाले आणि आता कोण कोणाची किती पाने ओढणार, हा हिशेब मुले स्वतःच्या फायद्यासाठी विजेच्या वेगाने करतात. तिथे कोणी त्यांना बेरीज-वजाबाकी करायला सांगत नाही.

चार वर्षांच्या मुलीसाठी सापशिडी थोडी लवकर होते. त्या पटावर आकडे एका ओळीत डावीकडून उजवीकडे आणि पुढच्या ओळीत उलट दिशेने जातात, त्यामुळे लहान मुलांची सोंगटी हमखास चुकीच्या बाजूला वळते. तिच्यासाठी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकापुढे एक दहा चौकोनांची सरळ पट्टी आखा, त्यात १ ते १० आकडे लिहा आणि फक्त एक-दोन असे दान पडेल असा फासा किंवा चिठ्ठी घ्या. अशी सरळ आकड्यांची पट्टी थोडे दिवस खेळल्याने बालवाडीच्या वयातील मुलांची संख्यांची जाण सुधारते आणि आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीने तसे होत नाही, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. मी स्वतः ही पट्टी अनेक वर्षे वापरते आहे. त्यात एकच बारकावा सांभाळावा लागतो. सोंगटी पाचावर असताना दोनाचे दान पडले, तर ‘एक, दोन’ असे न मोजता ‘सहा, सात’ असे म्हणत सरकायचे. हे मुलीला शिकवत बसू नका; तुमच्या डावाला तुम्ही तसे म्हणा, काही दिवसांत ती उचलते.

तुम्ही आणखी एक काळजी लिहिली आहे, की मुलाला मराठी आकडे समजत नाहीत आणि सासूबाईंना त्याचे वाईट वाटते. यात त्याचा दोष फारसा नाही. ५३ लिहिताना आधी पाच आणि मग तीन लिहायचा, पण ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी येतो आणि पन्नास नंतर. ४९ ला तर आपण पन्नासाला एक उणा म्हणून ‘एकोणपन्नास’ म्हणतो. ही अडचण खरी असल्यामुळेच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाचा पर्याय आला आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. माझे मत विचाराल तर घरात जुनी संख्यानामे कानावर पडत राहावीत, पण पाठांतराने नव्हे. सासूबाई भाजीचा हिशेब मोठ्याने करतील, हौजी खेळताना आकडे मराठीत पुकारतील, तर तेवढे पुरे होते. आणि आपल्या भाषेची एक श्रीमंती विसरू नये: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांक आपल्याकडे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. ‘चतकोर पोळी उरली आहे, कोणाला हवी?’ या वाक्यात चौथीच्या गणितातला एक धडा येऊन जातो, आणि मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तिथे कोणी काही लपवलेलेच नसते.

स्वयंपाकघराबद्दल मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण नोकरी करणाऱ्या पालकांना वेगळा वेळ काढण्यापेक्षा जे काम करायचेच आहे त्यात मुलांना घेणे अधिक जमते. मात्र काम खरे असले पाहिजे. मुलाला खोटे-खोटे मोजायला लावण्याऐवजी ‘आज पाच माणसे जेवायला आहेत, तांदूळ किती वाट्या घ्यायचे ते तू ठरव’ असे सांगून तो जे ठरवेल तेच शिजवावे. भात कमी पडला तर त्या दिवशी सगळ्यांनी एक पोळी जास्त खावी. पुढच्या वेळी तो आपणहून आजीला विचारेल. चार वर्षांच्या मुलीला मटार सोलू द्या, कणकेचा गोळा मळू द्या, चिमट्याने पापड उचलू द्या. बोटांत आणि मनगटात ताकद आल्याशिवाय पेन्सिल नीट धरता येत नाही, आणि तुमच्या मुलीच्या बालवाडीत तिला आतापासून रोज पानभर अक्षरे गिरवायला लावतात असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून तर हे अधिकच गरजेचे आहे. घरात तीन वर्षांखालील पाहुणा आला तर मात्र मटार, शेंगदाणे, डाळी आवरून ठेवाव्यात, कारण ते घशात अडकतात.

मुलगी कधी बुटक्या वाटीतले पाणी उंच पेल्यात ओतून ‘आता जास्त झाले’ म्हणेल. तिला लगेच सुधारण्याचा मोह आवरा. बहुतेक मुलांना सहा-सात वर्षांची होईपर्यंत भांडे बदलले तरी पाणी तेवढेच राहते हे पटत नाही, आणि सांगून तर मुळीच पटत नाही. ‘परत वाटीत ओतून पाहूया का?’ एवढे विचारून सोडून द्यावे. मोठा भाऊ ‘इतकेही कळत नाही!’ म्हणून हसेल. त्याला मात्र दोन वर्षांपूर्वी तो काय म्हणत होता याची आठवण करून द्यावी.

भाषेसाठी तुम्ही उच्चारांची चित्रकार्डे आणली आहेत. ती असू द्या, पण बसमध्ये, गाडीत किंवा वाकडहून हिंजवडीला जाताना वाहतुकीत अडकून पडल्यावर गावांच्या भेंड्या खेळा. शब्दातला शेवटचा आवाज सुटा करून त्यापासून नवा शब्द शोधणे, हीच वाचनाच्या पूर्वतयारीची मुख्य कसरत आहे, आणि मराठीत ती अक्षरागणिक फार चांगली होते. आमच्या घरी कोणी ‘पुणे’ म्हटले की पुढच्याची पंचाईत ठरलेली, कारण ‘ण’ने सुरू होणारे गाव कोठून आणायचे? मग ‘ण’ला ‘न’ चालवून घ्यायचा की नाही यावर नवा नियम होतो, आणि आपल्या भाषेत ‘ण’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही हा व्याकरणातला मुद्दा सात वर्षांच्या मुलाला स्वतः सापडतो.

गोष्ट वाचून दाखवतानाही थोडा फरक करावा. पुस्तक शेवटपर्यंत एका दमात वाचून ‘यातून काय शिकलास?’ असे विचारणे सर्वांत निरुपयोगी असते. त्याऐवजी मध्ये थांबून ‘आता हा काय करेल असे तुला वाटते?’ असे विचारावे, मूल जे सांगेल त्यात एखादा शब्द घालून तेच वाक्य थोडे मोठे करावे आणि पुढे जावे. तीच गोष्ट वीस वेळा वाचण्याचा हट्ट धरला तर वीस वेळा वाचावी. एकविसाव्या वेळी पुस्तक मूल आपल्याला वाचून दाखवते, चित्रे पाहून आणि पाठ झालेल्या शब्दांवर का होईना, आणि मग हळूहळू खरोखर.

नवरात्रात भोंडला होत असेल तर मुलाला आणि मुलीला, दोघांनाही घेऊन जा. हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून म्हटलेल्या गाण्यांचा ताल आणि पुन्हा पुन्हा येणारी धृपदे यांनी भाषा कानात बसते हे तर आहेच, पण मला खिरापत ओळखण्याचा भाग सर्वांत आवडतो. लहान मुले ‘लाडू का? चकली का? शंकरपाळे का?’ असे एकेक नाव घेत सुटतात. थोडी मोठी मुले आधी ‘गोड की तिखट?’ विचारतात, मग ‘तळलेले की भाजलेले?’, मग ‘ओले की कोरडे?’, आणि चार प्रश्नांत नेमके पोचतात. नावांची यादी करण्यापासून गट पाडून विचार करण्यापर्यंतचा हा प्रवास मी दरवर्षी त्याच मुलांमध्ये डोळ्यांनी पाहिला आहे. घरीही डबा झाकून ‘आज भाजी कोणती?’ हा खेळ रोज रात्री दोन मिनिटांत होतो. भाजी कारल्याची असेल तर थोडा धोका असतो, तेवढा पत्करावा.

आणि दिवाळीतला किल्ला. पुण्यात राहून किल्ला न करणे म्हणजे घरात आंब्याचे झाड असून आंबा न खाण्यासारखे आहे. सोसायटीच्या कोपऱ्यात विटा, पोती, दगड आणि माती यांचा किल्ला करताना मूल काय काय करते, ते मोजायला बसले तर शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम अपुरा पडेल. अळीव पेरायचे तर ते दिवाळीच्या किती दिवस आधी पेरावे, म्हणजे वसुबारसेला हिरवळ दिसेल? म्हणजे माती कधी आणायची, आणि विटा त्याआधी कधी? हे उलट्या क्रमाने आखलेले नियोजन अनेक मोठ्यांनाही जमत नाही. सलाइनची नळी लावून कारंजे करायचे तर पाण्याची बाटली कारंज्यापेक्षा वर का ठेवावी लागते, हे चार वेळा चुकल्यावर कळते. कुंभारवाड्यातून आणलेले महाराज बुरुजाच्या दुप्पट उंच निघाले तर आता महाराज बदलायचे की बुरूज, असा प्रमाणाचा प्रश्न उभा राहतो. मावळे कोणाच्या पिशवीतले किती, यावरून भांडण होते आणि ते मिटतेही.

पण इथेच बाबा मंडळी घात करतात. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत एका वर्षी एका उत्साही बाबांनी सिमेंट, जाळी आणि रंग आणून तीन माच्या आणि बालेकिल्ल्यासह राजगड उभा केला. तो इतका हुबेहूब होता की आजूबाजूच्या सोसायट्यांतून लोक पाहायला आले. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा मात्र पाणी आणून देणे आणि चहा आला आहे हे सांगणे, एवढ्याच कामांपुरता उरला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या इमारतीत मातीच्या ढिगाला किल्ला म्हणणाऱ्या पोरांत सामील झाला. तुमच्या यजमानांना हे आधीच वाचून दाखवावे. त्यांनी पोती उचलावीत, विटा आणाव्यात आणि विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. किल्ला ढासळला तर दुसऱ्या दिवशी मुले तो पुन्हा रचतात, आणि दुसरा किल्ला पहिल्यापेक्षा नेहमी चांगला असतो. दिवाळीनंतर एखाद्या रविवारी सिंहगडावर जावे. स्वतः किल्ला केलेले मूल देवटाके पाहून ‘इथे वर पाणी कसे आले?’ असे विचारते. न केलेले मूल भजी कुठे मिळतात ते विचारते. अर्थात भजी दोघांनाही द्यावीत.

मुलीच्या बाबतीत वेगळे सांगण्यासारखे फार नाही. चार वर्षांच्या मुलाचे मुख्य काम भातुकली, म्हणजेच ‘आपण असे असे झालो असे समजूया’ हे आहे. डॉक्टर झालेली मुलगी रडणाऱ्या बाहुलीला ‘थांब, आधी मी तुला तपासते’ म्हणते, तेव्हा ती स्वतःच्या उतावळेपणाला आवर घालण्याचाच सराव करत असते. त्यासाठी महागडा स्वयंपाकघराचा संच लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा शिंपले, बिया, पाने आणि माती हीच त्यांची साधने होती. जुनी ओढणी, दोन डबे आणि एक बंद पडलेला मोबाइल एवढ्यावर तुमची मुलगी महिनाभर संसार करेल.

तुमच्या रोजच्या पाऊण तासाविषयी माझे स्पष्ट मत आहे की तो पंधरा मिनिटांवर आणावा. दिवसभराच्या नोकरीनंतर दोघांनी मिळून पाऊण तास उत्साह टिकवणे कठीण असते, आणि आईचा जीव मेटाकुटीला आला आहे हे मुलांना सगळ्यांत आधी कळते. पंधरा मिनिटे, पण मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. काय खेळायचे ते एक दिवस मुलाने ठरवायचे, एक दिवस मुलीने. उरलेला वेळ त्यांना खाली पळू द्या. पाच वर्षांपुढील मुलांनी दिवसातून सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल असे हुंदडावे, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून १८० मिनिटे हालचाल व्हावी, त्यांतली ६० मिनिटे जोमाची असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच संघटनेने २०१९ साली या लहान वयासाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास ठरवली आहे, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले असेही म्हटले आहे. रविवारी तळजाई किंवा वेताळ टेकडी कोणतेही शुल्क न घेता हे काम करते. मुलांनी ‘कंटाळा आला’ म्हटले तर लगेच काही सुचवू नका. कंटाळ्याची पहिली दहा मिनिटे पालकांना फार जड जातात, पण बहुतेक चांगले खेळ अकराव्या मिनिटाला सुरू होतात.

मुलगा हरला की रडतो, म्हणून तुम्ही मुद्दाम हरता, असेही तुम्ही लिहिले आहे. असे करू नये असे मला वाटते. सातव्या वर्षी मुलाला ते कळते आणि त्याला जिंकण्याचाही आनंद मिळत नाही. त्यापेक्षा ज्या खेळांत नशिबाचा भाग मोठा आहे असे खेळ अधिक खेळावेत, म्हणजे हरणे सगळ्यांच्या वाट्याला येते. किंवा उघडपणे सवलत द्यावी, जसे ‘मी दोन पाने कमी घेऊन खेळते’. आणि आपण हरल्यावर थोडे चडफडून पुन्हा पत्ते पिसायला घ्यावेत. ते तो पाहत असतो.

काही गोष्टी मात्र खेळांवर सोडू नयेत. चौथ्या वर्षी मूल बोलते ते परक्या माणसाला बहुतांशी समजत नसेल, नावाने हाक मारल्यावर लक्ष जात नसेल, इतर मुलांत रस नसेल, किंवा दुसरी संपत आली तरी नियमित सराव असूनही साधी वाक्ये वाचायला खूप कष्ट पडत असतील, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि बालविकासतज्ज्ञांना भेटावे. तुमच्या वर्णनात मला असे काही दिसले नाही. तरी हे उत्तर इतर पालकही वाचतील म्हणून लिहिले.

बाहेर कुठे न्यावे, याचे उत्तर थोडक्यात देते. केळकर संग्रहालयात सगळी दालने एका दिवसात पाहू नका. फक्त दिवे किंवा फक्त अडकित्ते पाहा आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक ठरवून घरी आल्यावर त्याचे चित्र काढा. आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून मुलांना विज्ञान दाखवले. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि स्ट्रॉ यांतून केलेली त्यांची खेळणी घरीही करता येतात. ‘ॲक्टिव्हिटी बॉक्स’ची वर्गणी त्यामुळे वाचेल. आलेले खोके मात्र टाकू नका. आतल्या वस्तूंपेक्षा ते खोकेच मुलीला अधिक दिवस पुरेल.

आता शेवटचा मुद्दा, जो तुम्ही तक्रार म्हणून एका ओळीत लिहिला आहे आणि जो मला तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटला. तुम्ही म्हणता की हाच मुलगा गॅलरीत जाऊन बाटल्यांची झाकणे मांडत ‘तास न् तास वेळ वाया घालवतो’, त्यांना पीएमपीच्या बस म्हणतो, खडूने रस्ते आखतो आणि बहिणीला तिथे फिरकू देत नाही. ताई, तुम्ही सहा महिने जे शोधत आहात ते तुमच्या गॅलरीत रोज संध्याकाळी चाललेले आहे. उद्या पाऊण तासाचा उपक्रम रद्द करा आणि चहाचा कप घेऊन तिथे जाऊन बसा. पहिले दोन दिवस काहीही विचारू नका, झाकणे मोजू नका आणि ‘निळ्या बस किती?’ असे तर मुळीच म्हणू नका, कारण तुमच्या आवाजातला अभ्यास त्याला तिथेही ऐकू येईल. तिसऱ्या दिवशी विचारायचेच असेल तर तुम्हाला खरोखर माहीत नसलेले काहीतरी विचारा, जसे ‘स्वारगेटला जायला मला कुठे बदलावी लागेल?’ तो मार्ग सांगेल, थांबे जोडेल, कदाचित पाट्या लिहायला कागद मागेल; मागितला तर द्या आणि शुद्धलेखन सुधारू नका. बहिणीला आत घ्यायचे तर तिला प्रवासी करण्याची कल्पना त्याची त्यालाच सुचू द्या. आणि त्याने तुम्हाला तिकीट काढायला सांगितले, तर सुटे पैसे जवळ असू द्या. त्याच्या बसमध्ये वाहक सुटे परत देतो की नाही, हे मला अजून माहीत नाही.